पोहोचल्याची वेळ

परबांच्या शोकसभेत चार माणसं बोलली आणि चौघांनीही ‘जिद्द’ हा शब्द वापरला. अग्निशमन दलातला निवृत्त अधिकारी साठीच्या घरात पीएचडी करतो म्हणजे जिद्दच असणार, असं ते धरून चालले होते. मी त्यांची मार्गदर्शक होते. मुलुंडच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते आणि चार वर्षं ते माझ्या हाताखाली होते, निदान कागदावर तरी. जिद्दीबद्दल मला काही सांगता येणार नाही. त्यांना एका जागी बसता येत नसे, एवढं मात्र मी शपथेवर सांगेन.

पहिल्या दिवशी दत्ताराम परब माझ्या खोलीत आले, “नमस्कार मॅडम” म्हणाले आणि माझ्या मागच्या लोखंडी कपाटाकडे बघत राहिले.

“याच्या मागे दार आहे ना?”

“आहे. बंद असतं.”

“चावी?”

चावी कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं मी त्या खोलीत बसत होते. परब बाहेर जाऊन आमच्या शिपायाला, तांबेंना, घेऊन आले. तांबे चावी शोधायला गेले तेवढ्यात परबांनी एकट्याने ते कपाट, आतल्या उत्तरपत्रिकांसकट, खिडकीपाशी सरकवलं. फरशीवर लांबच लांब पांढरा ओरखडा उठला. दार उघडल्यावर त्यांनी बाहेरच्या जिन्यावरून दोन मजले खाली जाऊन पाहिलं, परत वर आले आणि म्हणाले, “आता बोलू.” बोलले तेही उभ्यानेच.

उंचीने बेताचे, खांदे रुंद, मनगटावर भाजल्याचा जुना गुळगुळीत डाग. गळ्यात खेळाच्या सरांकडे असतं तसं स्टॉपवॉच. जेवण चार मिनिटांत संपवायचे, कारण नोकरीत घंटा कधी वाजेल याचा भरवसा नसायचा. निवृत्तीनंतरही घंटा वाजायची भीती गेली नव्हती. आमच्या कँटीनमध्ये ते डबा काउंटरवर ठेवून उभ्यानेच खात. कुणी म्हणालं, “बसा की परबसाहेब,” तर म्हणायचे, “बसलो की उठावं लागतं.”

एकदा ते घाटकोपरला माझ्या घरी आले. सातवा मजला. लिफ्टने येणारच नव्हते. प्रत्येक मजल्यावर थांबत, चपलांचे स्टँड, सायकली आणि कुणाच्या तरी जुन्या गादीची पाहणी करत आले. माझ्या घरी पाणी प्यायले आणि जाताना तिसऱ्या मजल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींना घराबाहेर बोलावून सगळ्याची यादी वाचून दाखवली. रात्री सेक्रेटरींचा फोन आला. “ते तुमचे पाहुणे, पुन्हा येणार आहेत का हो?” गादी मात्र दुसऱ्या दिवशी गेली.

एक शब्द त्यांना चालत नसे. ‘साधारण’. मी म्हणाले, साधारण तीस नोंदी घेऊ, तर लगेच, “साधारण म्हणजे किती, मॅडम? एकोणतीस की एकतीस?” मी संख्याशास्त्राची, तरी या माणसापुढे मला ढिसाळ वाटायचं. पुढे जे झालं ते लक्षात घेता हे लिहून ठेवायला हवं.

त्यांचा विषय होता, वर्दी मिळाल्यापासून अग्निशमन दलाला पोहोचायला किती वेळ लागतो. आग लागल्याचा फोन येतो त्याला हे लोक वर्दी म्हणतात. परबांनी सतरा ठिकाणी अर्ज करून, सतरा वेळा चहा पिऊन, जुन्या नोंदवह्यांच्या छायाप्रती मिळवल्या. प्रत्येक ओळीत तीन वेळा नोंदलेल्या असत: वर्दी मिळाली, गाडी निघाली, पोहोचलो. मी त्यांना परदेशी प्रबंध वाचायला दिले. ते डिक्शनरी घेऊन वाचायचे आणि वैतागायचे. “यांच्याकडे रस्ते सरळ आहेत, मॅडम. आणि नळाला पाणी आहे. यांना संशोधन कशाला लागतं?”

सहा महिने नोंदी भरल्यावर मी त्यांची पहिली आकृती काढली. मला तर आनंदच झाला. सपाटीवरच्या सोसायट्या आणि भांडुपच्या टेकडीवरची वस्ती, दोन्हीकडे पोहोचायला लागणारा वेळ जवळपास सारखा. ‘टेकडीचा परिणाम दिसत नाही,’ असं मी समासात लिहिलंसुद्धा. चांगला निष्कर्ष होता, सगळ्यांच्या समजुतीच्या विरुद्ध जाणारा. असे निष्कर्ष छापून येतात.

परबांनी कागद हातात घेतला, दारापर्यंत गेले, परत आले.

“मॅडम, गाडी टेकडी चढत नाही.”

“म्हणजे?”

“गाडी खाली रिक्षा स्टँडपाशी थांबते. तिथून पुढे पायऱ्या.”

“मग ‘पोहोचलो’ कधी लिहिता?”

“हँडब्रेक ओढला की पोहोचलो. वायरलेसवर सांगायचं, कंट्रोलवाला वेळ लिहितो.”

“आणि माणसापर्यंत केव्हा पोहोचलात ते?”

“ते कुठे लिहायचं? रकानाच नाही.”

“अहो परब, सहा महिने मी हेच मोजतेय! तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत म्हणजे…” त्यांनी पहिल्यांदाच वाक्य अर्धं सोडलं. “सगळ्यांनाच माहीत असतं. तुम्ही ‘पोहोचलो’ वाचून वर पोहोचलो समजाल, हे कुणाच्या डोक्यात येणार?”

कुणी खोटं लिहिलेलं नव्हतं. तेहतीस वर्षं एक माणूस एक शब्द एका अर्थाने लिहीत होता आणि मी तो दुसऱ्या अर्थाने वाचत होते. आम्हा दोघांना भेटायला सतरा चहा आणि सहा महिने लागले. त्या दिवशी ‘साधारण’ कोण बोलत होतं यावर मी काही म्हणाले नाही. ते स्वतःच म्हणाले, “तुम्हाला मी एकोणतीस की एकतीस विचारत होतो. वाट लागली माझी.”

मग त्यांच्या पायाला खरी चाकं लागली. टेकडी मोजायची. निवृत्त झालेले दोन फायरमन, खांद्यावर गुंडाळलेला पाइप, गळ्यात स्टॉपवॉच. रिक्षा स्टँडपासून वरच्या शेवटच्या घरापर्यंत दोनशे अकरा पायऱ्या, त्यातल्या कितीतरी पायऱ्या म्हणजे नुसते दगड. सकाळी पाण्याच्या वेळी, दुपारी, संध्याकाळी मुलं सुटल्यावर. मलाही एकदा नेलं, कारण मार्गदर्शकाने क्षेत्र पाहायला हवं असं नियमात कुठेतरी आहे आणि परबांना नियम पाठ. माझे गुडघे पहिल्या वळणावरच बोलायला लागले. पायऱ्यांवर हंडे, वाळत घातलेली सुकी मासळी, एक झोपलेला कुत्रा. पाइपवाल्यांना त्याच्यावरून उडी मारायला लागली.

एका दारात बसलेल्या म्हातारीने विचारलं, “परत खंय आग लागली काय रे?”

“नाय गो आये,” परब न थांबता म्हणाले, “सराव करतंव.”

“ह्या वयात? कसलो सराव?” म्हातारी हसून लोटपोट. परबांचं गाव कुडाळकडचं. टेकडीवर गेले की त्यांची भाषा आपोआप बदलायची आणि लोक दारं उघडायचे. माझ्या प्रश्नावलीपेक्षा त्या ‘नाय गो आये’ने जास्त माहिती जमा केली असेल.

दुसरा भाग मुलाखतींचा होता. ज्या घरांची वर्दी नोंदवहीत आहे त्या घरी जाऊन विचारायचं, तुमच्या आठवणीप्रमाणे किती वेळ लागला. कुठली घरं घ्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, हा माझा हट्ट. परबांना ओळखीची घरं घ्यायची होती, मी नाही म्हणाले. माझ्या टेबलापाशी आम्ही चिठ्ठ्या काढल्या. सातवी का आठवी चिठ्ठी त्यांनी उघडली, वाचली आणि काही न बोलता यादीत लिहिली. मला वेगळं काही जाणवलं नाही. माझं लक्ष घड्याळाकडे होतं, तासाची वेळ झाली होती.

त्या घरी मीही गेले. शेवटून तिसरं घर, वर नवे पत्रे. आत एक तिशीची बाई शिलाई मशीनवर साडीला फॉल लावत होती. मनीषा तिचं नाव. बारा वर्षांपूर्वी या घराला वायरिंगमुळे आग लागली, तिचे वडील अर्धांगाने खाटेवर होते, ते धुराने गेले. ती तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. फोन तिनेच केला होता. प्रश्न मी विचारले. परब दाराच्या बाहेर, पायरीवर उभे राहिले. आत आले नाहीत.

“गाडी यायला किती वेळ लागला असं तुम्हाला आठवतं?”

“मला फार वाटला,” ती म्हणाली. “पण तसं नव्हतं. कागदावर सात मिनिटं आहेत.”

“कुठला कागद?”

“दलाचा दाखला. काकांनी काढला होता, नुकसानीच्या अर्जासाठी.” मशीनच्या ड्रॉवरमधून तिने प्लास्टिकच्या पिशवीतला घडी घातलेला कागद काढला. वर्दी मिळाली, पोहोचलो. मध्ये सात मिनिटं. “काका म्हणाले, सात मिनिटांत गाडी आली आणि तेवढ्यात सगळं जळून गेलं? मग आग आधीपासून लागलेली असणार. फोन करेपर्यंत तू काय करत होतीस? कुठे होतीस?”

“कुठे होता तुम्ही?”

“इथेच. भाकऱ्या करत होते. धूर दिसला तसा फोन केला.” तिने कागदाची घडी पुन्हा होती तशी घातली. “म्हणजे मला तसं वाटतं. पण माझाच उशीर झाला असणार. कागद कशाला खोटं बोलेल? वस्तीत सगळ्यांना वाटतं मी कुणाशी तरी बोलत खाली उभी होते. काका तेव्हापासून येत नाहीत. खाली सपाटीवर राहतात, स्टेशनजवळ. दिसले तर बघत नाहीत.”

तिच्या आवाजात रडणं वगैरे काही नव्हतं. पत्ता सांगावा तसं सांगितलं. मी उत्तर लिहून घेतलं, सही घेतली, आणि आम्ही उतरायला लागलो. परब नेहमी माझ्या वीस पायऱ्या पुढे असत. त्या दिवशी मागे होते. खाली रिक्षा स्टँडला पोहोचल्यावर ते एका जागी उभे राहिले, रस्त्याच्या कडेला एका चौकोनाकडे बघत.

“इथे लावली होती,” ते म्हणाले. “त्या दिवशी गाडीवर अधिकारी मी होतो, मॅडम. त्या दाखल्यावर सही माझी आहे.”

मला आधी चिठ्ठी आठवली, मग सगळंच. “तिने ओळखलं नाही तुम्हाला.”

“तोंडाला मास्क होता. ती ओरडत होती. मी तिला बाजूला ढकललं.”

“वर जायला किती लागले होते?”

“सतरा-अठरा. पाइप एक जोड कमी पडला, दारापर्यंत पुरेना. खाली माणूस परत पाठवला. म्हणजे आणखी सहा. साधारण.” तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

“मी तिला सांगणार,” ते म्हणाले.

मी नाही म्हणाले. जे म्हणाले ते इथे लिहिते, कारण चूक असलेली गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, परब, आपण तिच्याकडून लिहून घेतलंय की माहिती फक्त संशोधनासाठी. आपण ज्यांचा अभ्यास करतो त्यांच्या आयुष्यात हात घालायचा नाही, हा पहिला धडा. दलाची नोंद तिला दाखवायची आपल्याला परवानगी नाही. तुम्ही हे केलंत तर विद्यापीठाच्या समितीसमोर तुमचा सगळा अभ्यास बाद होऊ शकतो. आणि तिने तक्रार केली तर? सगळी वाक्यं बरोबर होती. आजही मी ती वर्गात शिकवते.

परब म्हणाले, “नोंद तिच्याकडे आहेच, मॅडम. बारा वर्षं ड्रॉवरमध्ये आहे. तिला फक्त तिचा अर्थ कुणी सांगितला नाही.”

“प्रबंध जमा होऊ दे. मग सांगा.”

“कधी?”

“वर्षभरात.”

“वर्षभरात,” ते म्हणाले आणि चालायला लागले.

मी म्हटलं तसं ते वागले असते, तर मी हे लिहायला बसले नसते. पण ते लगेच गेलेही नाहीत. पुढचे तीन आठवडे त्यांनी आमचं कॉलेज पिंजून काढलं. सगळ्या मजल्यांवरची आग विझवायची नळकांडी तपासली, कालबाह्य निघालेली प्राचार्यांच्या टेबलावर रांगेने मांडून ठेवली. ग्रंथालयात येरझारा घालायचे म्हणून ग्रंथपाल बाईंनी मला निरोप पाठवला. एकदा माझ्या तासाच्या मध्येच दारात येऊन उभे राहिले आणि निघून गेले. घरी झोपत नव्हते असं त्यांच्या मुलीने मला नंतर सांगितलं.

मग एक दिवस कँटीनमध्ये म्हात्रे आले. मनीषाच्या घराला आग लागली तेव्हा गाडी चालवणारे हेच; परबांनी त्यांच्या कानावर घातलं असावं. दोघं एकाच दिवशी भरती झालेले. परब परीक्षा देऊन अधिकारी झाले, म्हात्रे गाडीवरच राहिले आणि गाडीवरूनच निवृत्त झाले. मोठा देह, पांढऱ्या मिशा. आवाज असा की कँटीनमधली अर्धी पोरं वळून बघायला लागली.

“काय रे दत्ता, तुला डॉक्टर व्हायचंय आणि आम्हाला पेशंट करतोस?”

“बस ना रे.”

“बसायला नाही आलो. त्या पोरीला तू काय सांगणार आहेस? की आम्ही उशिरा आलो? तिचा काका केस टाकेल. पेपरात येईल. माझं पेन्शन कोण देणार, ही मॅडम?”

मी माझ्या चहात बघत राहिले.

“गाडी तू सात मिनिटांत आणलीस,” परब म्हणाले. “रस्त्यात ट्रक आडवा होता, तरी आणलीस. तुझी वेळ खरी आहे, कुणी हात लावणार नाही तिला.”

“मग?”

“वर पाइप कमी पडला तो माझा हिशोब होता. किती जोड घ्यायचे ते मी सांगितलं होतं.”

म्हात्रे खुर्ची ओढून बसले. “तेव्हा सगळेच तेवढेच घ्यायचे, यार,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “तूच कशाला?”

“तीच पोरगी कशाला?” परब म्हणाले.

म्हात्रेंनी परबांचा डबा पुढे ओढला, त्यातला बांगड्याचा एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, “मीठ जास्त झालंय.” जाताना दारातून ओरडले, “माझं नाव घेतलंस तर नीट घे. मोरेश्वर. लोक मोरे लिहितात.”

पुढचं एका दमात सांगून टाकते. प्रबंध जमा झाला, परबांना पदवी मिळाली, समितीने मनीषाबद्दल मला एकटीलाच खोलीत बोलावून बराच वेळ प्रश्न विचारले आणि शेवटी ते प्रकरण परिशिष्टात टाकून प्रबंध मान्य केला. एका केंद्रावर प्रयोग म्हणून नोंदवहीत नवा रकाना आला, ‘माणसापाशी’. तिथल्या पोरांना तो आवडत नाही. त्यात वेळ वाईट दिसते. तरी भरतात असं ऐकते. परब नंतर आमच्याकडे शिकवायला येत, मुलांना वर्गात बसू देत नसत, जिन्यावर नेत. गेल्या वर्षी मुलुंडला हॉस्पिटलमध्ये त्यांना शेवटचं पाहिलं. हृदय. तिथेही नर्सला जिना कुठे आहे ते विचारत होते. ते सगळं खरं आहे, पण मला परब म्हटलं की त्यातलं काही दिसत नाही. दिसतो तो म्हात्रे येऊन गेले त्यानंतरचा मंगळवार.

सकाळी आठला परबांचा फोन. “मॅडम, मी वर जातोय. तुम्ही नाही आलात तरी चालेल. पण कुणीतरी कॉलेजचं असावं. नाहीतर तिला वाटेल हा कुणी वेडा.” मला दहाला तास होता. मी रिक्षा केली.

मनीषा मशीनवरच होती. या वेळी परब आत गेले. खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी काही तयारी करून आणली होती असं मला वाटतं, कारण सुरुवात दोनदा चुकली.

“त्या दिवशीचा अधिकारी मी होतो,” शेवटी ते म्हणाले. “दाखल्यावरची वेळ खाली रिक्षा स्टँडला गाडी थांबली तेव्हाची आहे. तुमच्या दारात नाही. वर यायला त्यापुढे सतरा-अठरा मिनिटं गेली. मी पाइप कमी आणला होता, माणूस परत खाली पाठवला, त्यात आणखी वेळ गेला. तुमचा उशीर झाला नव्हता. उशीर आमच्याकडून झाला. माझ्याकडून.”

मनीषाचा हात मशीनच्या चाकावर होता. तो तिने काढला नाही.

“हे कुठे लिहिलंय?”

“कुठेच नाही. म्हणून सांगायला आलो.”

“मी इथे उभी होते,” ती म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज बदलला. “मला माहीत होतं किती वेळ गेला ते. मी मोजत होते. बाबा आत खोकत होते तोपर्यंत मी मोजत होते. मग तो कागद आला आणि मला वाटलं मलाच कळलं नसेल. बारा वर्षं!”

परबांनी मान हलवली. माफी वगैरे मागितली नाही. मला आधी ते खटकलं, मग वाटलं, बरं झालं, ती माफी मनीषाने आता कुठे ठेवायची?

बाहेर कुणीतरी पाण्याचा पाइप ओढत नेत होतं. मग तिने विचारलं, “काकांना सांगाल?”

“सांगतो.”

“माझ्यासमोर?”

“हो.”

“आत्ता?”

“आत्ता.”

तिने गळ्यातली मापाची टेप काढून मशीनवर ठेवली, पिशवीतला कागद घेतला, दाराला कुलूप घातलं. मी घड्याळ पाहिलं; तास चुकणार होता. आम्ही दहाएक पायऱ्या उतरलो असू, तोच पहिल्या दारातून एका बाईने विचारलं, “काय गो मनीषा, सकाळी सकाळी खंय चललंस?”

मनीषा थांबली. मला वाटलं काहीतरी सांगून पुढे जाईल. ती वळली आणि परबांकडे बघून म्हणाली, “यांना पण सांगा ना.”

परबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा खालच्या सगळ्या दारांकडे. मग त्या बाईच्या उंबऱ्यापाशी गेले. “मी अग्निशमन दलात होतो,” ते म्हणाले. “हिच्या वडिलांच्या वेळी मी आलो होतो. फोन वेळेवर झाला होता. उशीर माझ्याकडून झाला.” बाईने आत नवऱ्याला हाक मारली. तो बनियनवरच बाहेर आला. परबांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

पुढच्या दारात तीच गोष्ट. त्याच्या पुढच्यातही. एका घरी सून एकटी होती, ती म्हणाली सासूबाई पाण्याला गेल्यात, तर मनीषा म्हणाली, “थांबतो आम्ही.” आणि ते थांबले. मासळी वाळत घातलेल्या त्या म्हातारीच्या दारात परबांना सगळं मालवणीत सांगावं लागलं, कारण तिला दोनदा सांगूनही पटेना. “मगे तेव्हा कित्याक नाय सांगलंस रे?” तिने विचारलं. परब तिच्यासमोर नुसते उभे राहिले. मनीषाने त्यांची सुटका केली नाही.

मी तिथून सटकले. खरंच तास होता, आणि मी तिथे असण्याची गरजही आता कुणाला नव्हती. रिक्षा स्टँडला उतरल्यावर मी वर पाहिलं. ते अजून निम्म्यावरच होते. मनीषा पुढच्या दाराची कडी वाजवत होती, परब तिच्या एक पायरी खाली, आणि आतून कुणीतरी पदराला हात पुसत बाहेर येत होतं.